गाडी थोरल्याला, स्टिअरिंग धाकट्याला

१२ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद. तीन वर्षांनी लिहितोय म्हणून दादा नमला असा अर्थ काढू नकोस. कळवण्यासारखं घडलं आहे म्हणून कळवतो.

डबीला, म्हणजे बाबांच्या गाडीला, मी नवीन स्टिअरिंग घेतलं आहे. काळं, गुबगुबीत, मध्ये तीन चकचकीत दांड्या, शर्यतीच्या गाड्यांना असतं तसं. 'कुठल्याही गाडीला बसते' असं खोक्यावरच छापलेलं आहे. तेव्हा बाबांचं जुनं स्टिअरिंग तू खुशाल कवटाळून बस.

बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात तो वाटणीचा कागद निघाला तेव्हा आपण दोघंही हसलो होतो, हे मला आठवतं. घड्याळ थोरल्याला, किल्ली धाकट्याला. बुद्धिबळातली पांढरी थोरल्याला, काळी धाकट्याला. गाडी थोरल्याला, स्टिअरिंग धाकट्याला. घड्याळ बंद पडलं तरी वेळ जातो रे, पण गाडीचं तसं नसतं. आणि तू तर त्याच दुपारी पाना घेऊन खाली उतरलास, स्टिअरिंग पिशवीत घातलंस आणि बस पकडलीस. मी म्हणालो, स्टिअरिंग घेऊन आलास तरच दार उघडीन. तू म्हणालास, गाडी घेऊन आलास तरच स्टिअरिंग देईन. त्यावर आपण दोघंही तीन वर्षं प्रामाणिक राहिलो.

पण आईला तुझ्याकडे यायचं आहे. तोंडाने म्हणत नाही, पण तिची भरलेली पिशवी तीन वर्षं दाराशी आहे. तुझी वहिनी झाडताना ती उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते. बसच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. भाड्याची गाडी करतो म्हटलं, तर म्हणते, परक्या माणसाला हळू चालव म्हणता येत नाही. डबीतच बसेन, पुढेच बसेन. वय एकोणऐंशी, हट्ट नऊ वर्षांचा.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिला घेऊन मी तुझ्या दारात उभा असेन. तुझी किंवा तुझ्या स्टिअरिंगची मदत न घेता.

दादा


१९ जानेवारी

दादा,

नमस्कार. साष्टांग घालायला दुकानात जागा नाही, उभ्यानेच घे.

बाबांचं स्टिअरिंग मी कवटाळून बसलेलो नाही, त्याला कामाला लावलंय. डोळे तपासताना लांबची ओळ आली की माणसं खुर्चीतून पुढे सरकतात आणि फसवून वाचतात. हातात स्टिअरिंग दिलं की ताठ बसतात. परवा बँकेतल्या एका बाईंनी खालून दुसऱ्या ओळीवर करकचून ब्रेक मारला, तर माझ्या स्टुलाचा पाय निखळला. नंबर मात्र बिनचूक निघाला. आता लोक स्टिअरिंगवाला चष्मेवाला म्हणून पत्ता सांगतात.

एक सांगतो, रागावू नकोस. कुठल्याही नाकावर बसते अशी फ्रेम माझ्याकडेही येते आणि ती कुठल्याच नाकावर धड बसत नाही. तुझ्या नव्या स्टिअरिंगच्या आणि गाडीच्या दांड्याच्या मध्ये एक दात्यांचा तुकडा लागतो, तो प्रत्येक गाडीचा वेगळा. शिवाय हॉर्नचं बटण आहे माझ्या स्टिअरिंगवर. रस्ताभर तोंडाने ओरडत येणार असशील तर आईला आधी कल्पना दे.

पिशवीचं वाचलं आणि अर्धा तास दुकान बंद ठेवलं. मला वाटत होतं, ती माझ्यावरच रागावली आहे. खिडकीजवळची खोली तिच्यासाठी रिकामी केली. पलंगाच्या पायांखाली विटा घातल्या, म्हणजे उठताना गुडघ्यांना त्रास नको. रविवारी सकाळपासून दारात आहे मी.

बारक्या


९ फेब्रुवारी

बारक्या,

रविवारी येता आलं नाही. तू दारात उभा राहिला असशील. त्याबद्दल वाईट वाटतं, एवढंच लिहितो.

दात्यांचा तुकडा लागला. पहिला आणला तो सैल झाला, दुसरा चढेना. गॅरेजवाला म्हणाला, हातोडी मारू का. मी त्याला बाजूला केलं आणि तिसरा तुकडा मिळेपर्यंत आठ दिवस थांबलो. मग हॉर्न. जोडला तर वाजेना, आणि वाजायला लागला तो डावीकडे वळताना आपोआप. उजवीकडे वळताना गप्प. गॅरेजवाल्याच्या मते ही सोय आहे.

बसवण्याचं काम मी स्वतः केलं. बत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस अंदाजाने काही बसवत नाही. पुढची चाकं दोरी लावून सरळ केली, डॅशबोर्डवरून ओळंबा सोडला, स्टिअरिंगवर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा बरोबर मध्ये आल्यावरच नट आवळला. या गावात इतकं सरळ स्टिअरिंग दुसऱ्या कुठल्याही गाडीत नसेल.

त्यानंतर गाडी शिंप्याच्या दुकानात गेली.

फार नाही, फक्त फळीपर्यंत. शिंपी मापं घेत होता, त्याने गिऱ्हाइकासकट उडी मारली. कुणाला काही लागलं नाही. मी मागे घेतली, पुन्हा निघालो, तर पन्नास पावलांवर गाडी पुन्हा डावीकडे, या वेळी विजेच्या खांबाकडे, आणि वर हॉर्न वाजतोय. रस्ता डावीकडे कललेला आहे, यात मला शंका उरली नाही. काल यंत्र लावून आपल्या गल्लीपासून चौकापर्यंत मोजणी केली. आकडे अजून तसं म्हणत नाहीत, पण मी पुन्हा मोजणार आहे.

आई तयार आहे. तिचं जरा हातातलं काम आहे, ते झालं की निघू.

दादा


१६ फेब्रुवारी

दादा,

रस्त्याला सोड. तो बिचारा आपल्या जन्माआधीपासून तिथे आहे.

तुझं पत्र आल्यावर मी बाबांचं स्टिअरिंग भिंगाखाली घेतलं. चाळीस वर्षं बाबांचे हात घासून जिथे गुळगुळीत झालंय, त्या दोन जागा शोधल्या. दांड्या आडव्या धरल्या तर डाव्या हाताची जागा येते वर, जवळजवळ डोक्यावर, आणि उजव्या हाताची येते खाली मांडीशी. असं गाडी चालवणारा माणूस सर्कशीतच सापडेल. मग मी स्टिअरिंग हळूहळू डावीकडे फिरवत गेलो. डावी दांडी चांगली खाली गेली, तेव्हा दोन्ही जागा बरोबर समोरासमोर आल्या. दाते मोजले. तीन.

म्हणजे बाबांचं स्टिअरिंग तिरकं बसवलेलं होतं. गाडी सरळ जायची तेव्हा ते तीन दाते डावीकडे कललेलं असायचं. बाबा हात समोरासमोर धरायचे, आपण दोघं मात्र दांड्यांवर हात ठेवून शिकलो, तेच सरळ समजलो. आता तुझ्या बिनचूक स्टिअरिंगवर तुझे हात सवयीने डावीकडे कलतात आणि गाडी इमानदारीत शिंप्याकडे जाते.

खरं सांगू? मी मित्रांच्या गाड्या चालवणं सोडलं ते यामुळेच. प्रत्येक गाडी डावीकडे जायची. मला वाटायचं, माझ्याच डोळ्यांत दोष आहे. चष्मेवाला असून स्वतःला चार वेळा तपासलं. आणि तू, घरातल्या तसबिरी सरळ करत फिरणारा माणूस, चाळीस वर्षं तिरकं धरून सरळ चालवत होतास. मी दुकानात एकटाच हसत बसलो, गिऱ्हाईक घाबरलं.

पण एक विचारतो. आईचं हातातलं काम कुठलं? तिने तीन वर्षांपूर्वी पिशवी भरलेली आहे.

बारक्या


२४ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. बाबा हिशेबी माणूस होते, उगाच तिरकं काही बसवणार नाहीत. तरी खात्री करावी म्हणून खुर्चीत बसलो, डोळे मिटले आणि तुझ्या वहिनीला म्हटलं, मी सरळ जातोय असं समजून हात धरतो, तू बघ. तिने बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. डावा खाली, उजवा वर. मी नोकरीत पाच तालुक्यांच्या हद्दी आखल्या आहेत. हे तुझ्या-माझ्यातच राहू दे.

आता हातांना वळण लावतोय. रोज सकाळी मैदानाभोवती चार फेऱ्या. कालपासून गाडी रेषेत जाते, पण माझी मान दुखते.

आणि आईचं. खोटं लिहिलं होतं मी. ती पहिल्या रविवारीच खाली उतरली होती, पिशवी घेऊन. पुढच्या सीटवर बसली. नव्या स्टिअरिंगकडे बघितलं, वाकून बघितलं, मान लांब करून बघितलं. मग म्हणाली, "दिसत नाही," आणि उतरली. काय दिसत नाही विचारलं तर पिशवी उचलून चालायला लागली. मागच्या रविवारी पुन्हा तेच. पिशवी पुन्हा दाराशी.

तिचे डोळे गेले आहेत रे. मी रोज समोर असून माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या जुन्या चष्म्याचा नंबर सोबत पाठवतो. तू आता मोठा चष्मेवाला आहेस, चांगला करून दे. हे मागायला मला जड जातंय, पण आईसाठी मागतो.

दादा


४ मार्च

दादा,

चष्मा पाठवलाय. तिला इथे आणता आलं असतं तर नीट तपासूनच दिला असता, पण म्हणून तर हे सगळं चाललंय. नंबर थोडा वाढवलाय. चष्म्याची डबी तिच्याच हातात दे. आत पुसायचं फडकं आहे.

बारक्या


१० मार्च

बारक्याला आईचा आशीर्वाद.

फडक्यात गुंडाळलेली तुझी चिठ्ठी मिळाली. लहानपणीही तू असाच डब्यात चिठ्ठ्या घालायचास. हे पत्र वहिनीकडून परस्पर टाकते, दादाला दाखवत नाही.

चष्मा छान आहे. समोरच्या गच्चीवरचे कपडे कुणाचे तेही कळतं. पण मला डोळ्यांचं काही झालेलंच नाही. डोळे ठीक, गुडघे वाईट, कान नको इतके चांगले.

गाडी नवीन होती तेव्हा मला वेगाची फार धास्ती वाटायची. दर दोन मिनिटांनी मी तुझ्या बाबांना विचारायचे, किती झालाय? वेगाचा काटा तर समोर, पण माझ्या जागेवरून बरोबर त्याच्यावर स्टिअरिंगची डावी दांडी यायची. एक दिवस ते एवढे कावले, की भर रस्त्यात गाडी थांबवली, पाना काढला, स्टिअरिंग उपसलं आणि डावी दांडी खाली जाईल असं बसवलं. म्हणाले, आता तूच बघ आणि गप्प बस. त्यानंतर मी कधी विचारलं नाही. बघत राहिले.

दादाच्या नव्या स्टिअरिंगला तीन दांड्या आणि मध्ये भाकरीएवढा गोळा. त्याच्यामागे काटा आहे की नाही तेही समजत नाही. त्याला सांगितलं असतं, तर त्याने मला आरसा लावून दिला असता, नाहीतर दर मैलाला आकडा वाचून दाखवला असता. तो मन लावून करतो ना, मग नको म्हणता येत नाही. त्याने महिनाभर त्या स्टिअरिंगसाठी हात काळे केलेत. मी कशी सांगू?

पिशवीतल्या साड्यांच्या घड्या पिवळ्या पडायला लागल्यात. तुम्ही दोघं काय ते लवकर करा.

आई


१३ मार्च

दादा,

आईला सगळं दिसतं. तुझ्या स्टिअरिंगमागचा काटा सोडून. तिचं पत्र सोबत जोडलंय, ते वाच. तिने दाखवू नको म्हटलंय, पण आपल्या घरात आता पुरे झालं न सांगणं.

वाचलंस? मग ऐक. तू म्हणाला होतास, स्टिअरिंग घेऊन आलास तर दार उघडीन. येत्या शनिवारी सकाळच्या बसने घेऊन येतोय. मी हरलो म्हण, चालेल. तू जिंकलास असं चौकात लिहून लाव, तरी चालेल.

एकच अट. ते तू स्वतःच्या हाताने बसवायचंस. तीन दाते डावीकडे. पाणसळ घरात कुलपात ठेवायची.

बारक्या


३० मार्च

बारक्या,

पुढे वाद नको म्हणून झालेल्या गोष्टी क्रमाने नोंदवून ठेवतो.

शनिवारी तू आलास. स्टिअरिंग मांडीवर घेऊन बसप्रवास केलास आणि प्रत्येक वळणावर मागच्या सीटवरचे लोक तुला सूचना देत होते, असं तू सांगितलंस. दार मी उघडलं. त्यानंतर दारात जे झालं, त्याची नोंद करत नाही.

बाबांचं स्टिअरिंग मी तीन दाते डावीकडे बसवलं. हॉर्नची तार जोडायला डॅशबोर्डखाली शिरलो तेव्हा स्पीडच्या काट्याची केबल हातात आली. तुटलेली, टोकाला गंज. निदान वीस वर्षांपूर्वीची. काटा तिसावर अडकलेला होता. चालवताना मी रस्ता सोडून काही बघत नाही, म्हणून मला कळलं नव्हतं. तू आणि मी गाडीखाली झोपूनच ठरवलं, की हे आईला सांगायचं नाही. तिने एवढी वर्षं त्या काट्याच्या भरवशावर प्रवास केला, तो भरवसा आता मोडायचा नाही.

रविवारी निघालो. आई पुढे, तू मागे गुडघे हनुवटीला लावून. गाडी रेषेत गेली, एकदाही डावीकडे गेली नाही. आई मधून मधून मान वळवून काट्याकडे बघत होती आणि तीस बघून समाधानाने मान हलवत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. म्हणून मी खरंच तिसावर चालवली, अंदाजाने. मोठ्या उतारावर जरा पळाली, तेव्हाही तिने बघितलंच. चार तासांचा रस्ता सात तासांत झाला. एका सायकलवाल्याने आपल्याला दोनदा ओलांडलं, हे तूही पाहिलंस.

संध्याकाळी आईने तुझ्या विटांच्या पलंगावर बसून बघितलं आणि हसली. एवढी हसलेली मी तिला तीन वर्षांत पाहिली नव्हती.

सोमवारी सकाळी निघायला खाली आलो, तर डबीला स्टिअरिंग नव्हतं.

तू म्हणालास मी काढलं नाही. मी तुला तोंडावर खोटारडा म्हणालो. माझं नवीन स्टिअरिंग डिकीत होतं, पण पाना सापडेना. आईला विचारावं तर ती निवांत चहा पीत होती. शेवटी मी नवीन स्टिअरिंग मांडीवर घेऊन बसने घरी आलो. मलाही लोकांनी सूचना दिल्या.

स्टिअरिंग तुझं आहे, कागद तसं म्हणतो, माझी तक्रार नाही. पण आई परत कधी? दाराशी पिशवी नाही. तुझी वहिनी झाडताना त्या जागेशी थांबते. मीही थांबतो.

दादा


६ एप्रिल

दादाला आईचा आशीर्वाद.

बारक्याला खोटारडा म्हणालास, त्याची आधी माफी माग. स्टिअरिंग मी काढलं. गुडघे दुखतात, हात नाही. धाकट्या सुनेने टॉर्च धरला. स्टिअरिंग माझ्या पलंगाखाली विटांमध्ये आहे आणि पाना उशीखाली.

आता ऐक. तो कागद बाबांनी लिहिला, पण सांगितला मी. मला वाटलं, अर्धं अर्धं दिलं की दोघं आठ दिवसांत एका जागी याल. तीन वर्षं काढाल हे ध्यानात आलं नाही. मीच वाढवलंय तुम्हाला, यायला हवं होतं. मधेच बोलले असते तर मिटलंही असतं, पण मीही हट्टाला पेटले होते. पिशवी भरून दाराशी बसले आणि तुम्हाला कळेल म्हणून वाट बघत राहिले. ती वर्षं फुकट गेली, ती माझ्याही खात्यात धर.

काट्याचं. तुम्ही दोघं गाडीखाली झोपून कुजबुजत होता, ते मी वरच्या खिडकीत ऐकलं. अरे, गाडी दारात उभी असतानाही काटा तीस दाखवतो. वीस वर्षं मला ते कळलं नसेल? काटा तुटला त्याच दिवशी कळलं होतं. तुझे बाबा बोलले नाहीत, मग मीही बोलले नाही.

मी काट्यासाठी बघतच नव्हते. मी मान वळवली की तुझे बाबा पाय उचलून गाडी हळू करायचे. तोंडाने हळू म्हटलेलं त्यांना आवडत नसे, मान वळवलेली चालायची. तुझ्या नव्या स्टिअरिंगमागे काटा पार झाकून गेला. मग मी मान वळवून काय बघतेय म्हणून सांगायचं? म्हणून उतरले.

त्या रविवारी मोठ्या उतारावर मी मान वळवली आणि तू पाय उचललास. अगदी तसाच. मग मी पुढचा सगळा रस्ता बाहेर बघत आले, तू काट्याकडे बघत होतास म्हणून तुला समजलं नाही.

मी इथे पावसाळ्यापर्यंत आहे. मग बारक्या स्टिअरिंग बसवेल, तू गाडी चालवशील आणि मी तुझ्याकडे येईन. तोवर दर रविवारी सकाळच्या बसने येत जा, थोरल्या सुनेलाही आण. या रविवारी येताना बाबांचं घड्याळ घेऊन ये. किल्ली इथे आहे.

आई